तीन फुटी प्रवाळ टाकीसाठी दिवा : प्रकल्प नोंदी

7 जानेवारी 2024

टाकी 36 इंच लांब, 18 रुंद, 18 उंच, काच 10 मिलिमीटर. काठोकाठ भरली तर, काचेची जाडी वजा न करता, 190 लिटर. वाळू आणि खडक वजा जाता पाणी बरंच कमी. गेल्या पावसाळ्यानंतर खारं पाणी भरलं. सायकल (पाणी स्वच्छ ठेवणारे जीवाणू टाकीत रुजण्याचा काळ) पूर्ण होऊन क्लाउन माशांची जोडी त्यात सुखाने नांदते आहे. खडक सगळे सिरॅमिकचे, समुद्रातून काढलेला एकही तुकडा नाही.

वर सध्या साधी पांढरी एलईडी पट्टी आहे. माशांना ती पुरते, प्रवाळांना पुरणार नाही. या प्राण्यांच्या पेशींत झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं. ते प्रकाशातून साखर बनवतं आणि तिच्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. मासा दिवा बघतो, प्रवाळ दिवा खातो. म्हणून दिव्याचा निर्णय झाल्याशिवाय प्रवाळ आणायचं नाही. या नोंदी फक्त उजेडाच्या. पाण्याची वही वेगळी आहे.

14 जानेवारी

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती वॉटचा पाहिजे?" माझ्या मते त्याआधीचा प्रश्न "कुणासाठी?" हा आहे, आणि भारतात त्याचं उत्तर कायद्यापासून सुरू होतं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972, त्याच्या अनुसूची 1 मध्ये 2001 सालापासून सगळी दगडी प्रवाळं आहेत. अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टिपोरा, युफिलिया, एकही सुटत नाही. त्यांच्याबरोबर काळं प्रवाळ, समुद्रपंखे, फायर कोरल आणि ऑर्गन पाइप कोरलही. वाघाला ज्या अनुसूचीचं संरक्षण आहे तिचंच यांनाही आहे. एका दुकानात काल "हॅमर मिळेल मॅडम, फक्त फोटो कुठे टाकू नका" असं ऐकवलं गेलं. हॅमर हेही दगडी प्रवाळच. तो प्राणी कुठल्या तरी खडकावरून छिन्नीने उचकटलेला असणार. मी तिथून काहीच न घेता निघाले.

म्हणजे आपल्याकडे उरली ती त्या यादीत न येणारी, मऊ अंगाची प्रवाळं: डिस्कोसोमा म्हणजे मशरूम, झोआन्थिड, लेदर प्रवाळ सार्कोफायटन आणि झेनिया. पुण्यातल्याच एका जुन्या हौशी दादांच्या टाकीत ही सगळी वर्षानुवर्षं वाढताहेत. त्यांनी तुकडे द्यायचं कबूल केलं आहे.

यादी ठरली की उजेडाची गरजही ठरते. परदेशी व्हिडिओंमध्ये 300, 350, 400 असे पारचे, म्हणजे शैवालाला वापरता येणाऱ्या उजेडाचे, आकडे दिसतात, ते अ‍ॅक्रोपोरासारख्या उघड्या, उथळ पाण्यातल्या दगडी प्रवाळांसाठी. आपल्या मंडळींसाठी साधारण असं धरते आहे: मशरूमला 30 ते 70, झोआन्थिडला 70 ते 120, लेदरला 100 ते 150. दुप्पट ताकदीचा दिवा घेतला तर पैसे जातातच, शिवाय या प्राण्यांना तो सोसतही नाही.

21 जानेवारी

पार म्हणजे काय, हे बाबांना समजावताना माझंही डोकं स्वच्छ झालं. 400 ते 700 नॅनोमीटर या पट्ट्यातले प्रकाशकण वनस्पती आणि शैवाल वापरू शकतात. एका चौरस मीटरवर एका सेकंदाला असे किती कण पडतात, ते मायक्रोमोलमध्ये मोजायचं. भर दुपारच्या उघड्या उन्हात हा आकडा 2000 च्या आसपास जातो.

बाबा निवृत्त वायरमन, त्यांची सगळी हयात लक्समध्ये गेली. "मग लक्समीटर आहे की घरात," म्हणाले. अडचण अशी की लक्स माणसाच्या डोळ्यासाठी बांधलेलं माप आहे. आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या हिरव्याला सर्वांत जास्त जागा असतो आणि गडद निळ्याला जवळजवळ झोपलेला. टाकीवरच्या दिव्यांत तर 450 नॅनोमीटरचा निळाच मुख्य. हिशेब करून बघितला: 100 मायक्रोमोल सूर्यप्रकाश म्हणजे सुमारे 5400 लक्स, आणि तेवढेच कण 450 च्या निळ्यातून आले तर जेमतेम 700 लक्स. फोनवरचं लक्स अ‍ॅप निळ्या दिव्याखाली अंधार दाखवेल आणि प्रवाळ मात्र भाजून निघेल.

बाबा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे डोळ्यावर जायचंच नाही." बरोबर तेच.

28 जानेवारी

पर्याय मांडून बसले. मेटल हॅलाइड, म्हणजे जुन्या पद्धतीचा प्रखर, तापणारा दिवा, पहिल्याच फेरीत बाद. 250 वॉटचा एक दिवा आठ तास म्हणजे रोज दोन युनिट आणि वर त्याची धग. पुण्याच्या एप्रिलमध्ये ती पाण्यातून काढायला चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, लागेल, चिलरची वीज आणखी वेगळी. त्याची पाण्यात हलणारी चमक सुंदर असते हे खरं, पण नको.

टी5, म्हणजे पारा असलेल्या बारीक फ्लुरोसंट ट्यूब. यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, कारण मऊ प्रवाळांसाठी हा प्रकाश मनापासून आवडतो. तीन फुटी टाकीवर 39 वॉटच्या चार ट्यूब, प्रत्येकीला स्वतःचा परावर्तक. प्रकाश एका बिंदूतून येत नाही, अख्ख्या लांबीतून येतो, त्यामुळे खडकाच्या खालीसुद्धा सावली मऊ पडते आणि टाकीच्या टोकांना उपाशी राहावं लागत नाही. खर्च 156 वॉट, आठ तासांना सव्वा युनिट. पण ट्यूबचा वर्णपट हळूहळू घसरतो, म्हणून दर नऊ ते बारा महिन्यांनी त्या बदलाव्या लागतात, आणि मत्स्यालयाच्या निळ्या ट्यूब आपल्याकडे आधीच मुश्किलीने मिळतात. युरोपात टी5 ट्यूब बाजारात आणणं ऑगस्ट 2023 मध्ये बंद झालं. पाऱ्याबाबतच्या मिनामाता कराराच्या नोव्हेंबर 2023 मधल्या जिनिव्हा बैठकीत सामान्य वापराच्या फ्लुरोसंट ट्यूब 2027 पर्यंत थांबवायचं ठरलं. मत्स्यालयाच्या खास ट्यूबना कुठे सवलत मिळेलही, पण कारखानेच बंद होत गेले तर त्या तेवढ्या कोण बनवेल? पारा जावा हे योग्यच आहे. म्हणून दहा वर्षं चालवायच्या टाकीसाठी टी5 नवीन घेणार नाही.

मग एलईडी. त्यातला पहिला प्रकार ज्याला सगळे ब्लॅक बॉक्स म्हणतात: 165 वॉटची काळी पेटी, 55 एलईडी, निळा आणि पांढरा असे दोन गट, स्वस्त आणि दणकट. दुसरा प्रकार म्हणजे 50-60 वॉटचे छोटे दिवे, चार-पाच रंगवाहिन्या वेगवेगळ्या कमी-जास्त करता येतात, घड्याळ आतच असतं. एका मोठ्या पेटीच्या किमतीत असा एकच छोटा दिवा येतो, आणि मला तीन फुटांवर दोन लागतील.

दादांचं मत ब्लॅक बॉक्सच्या बाजूने आहे. "मी सहा वर्षं वापरतोय ताई, काही होत नाही." त्यांच्या टाकीत खरंच काही होत नाही, पण त्यांची टाकी दोन फुटी आहे. मोजल्याशिवाय ठरवणार नाही.

4 फेब्रुवारी

मुंबईतल्या एका काकांनी पार मीटर उसना दिला: अपोजी कंपनीचा एमक्यू-510, पाण्यात बुडवून मोजण्यासाठीचा. या जातीचा संवेदक दुरुस्ती नसेल तर पाण्यात कमी दाखवतो, त्यासाठी आकडा 1.32 ने गुणावा लागतो. यात ती दुरुस्ती आतच केलेली असते. नव्याने मोजणाऱ्यांनी आपला मीटर कोणता आहे हे आधी बघावं, नाहीतर दोन टाक्यांचे आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत.

आज दोन ठिकाणी मोजलं. काकांच्या स्वतःच्या तीन फुटी टाकीवर चार टी5 आहेत. पाण्याखाली 12 इंचांवर मध्यभागी 140, दोन्ही टोकांना 105. नंतर एका ओळखीच्यांकडे तीन फुटी टाकीवर एकच ब्लॅक बॉक्स, पाण्यापासून आठ इंच वर. त्याच खोलीवर मध्यभागी 310, टोकांना 45. मध्यभागच्या झोआन्थिडच्या तबकड्या आवळलेल्या होत्या, रंग फिका. टोकाचे झोआन्थिड देठ लांबवून उजेडाकडे पोचायला बघत होते. एका टाकीत, एका दिव्याखाली, एकाच प्राण्याच्या दोन तक्रारी. दिवा मंद केला तर मध्यभाग सावरतो पण टोकं आणखी उपाशी राहतात.

त्यामुळे ताकदीपेक्षा पसरणीचा प्रश्न मोठा आहे. दोन छोटे दिवे.

11 फेब्रुवारी

निर्णय पक्का, 55 वॉटचे दोन. 120 अंशांची भिंगं असलेले मुद्दाम मागवले. अरुंद भिंग खोल टाकीसाठी. माझ्या 16 इंच पाण्याला त्याची गरज नाही.

18 फेब्रुवारी

टांगणी आणि वीज. दिवे स्टँडवर टेकवायचे नाहीत, छताला हुक मारून बारीक पोलादी तारेवर टांगायचे, म्हणजे उंची बदलता येते आणि काचा पुसताना ते वर ओढून ठेवता येतात. दोघांमधलं अंतर 18 इंच, म्हणजे प्रत्येक दिवा टाकीच्या आपापल्या अर्ध्या भागाच्या बरोबर मध्यावर. पाण्यापासून दहा इंच.

विजेचं सगळं बाबांनी केलं. त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवते: "खारं पाणी आणि करंट यांची सोयरीक करू नकोस." टाकीच्या सर्किटला स्वतंत्र 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. सॉकेट टाकीच्या पातळीच्या वर आणि बाजूला, कधीही खाली किंवा मागे नाही. प्रत्येक वायर सॉकेटकडे वर चढण्याआधी खाली झोका घेईल इतकी सैल, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोक्याच्या तळाशीच ठिबकतं. अर्थिंग त्यांनी स्वतः तपासलं.

इन्व्हर्टरवर दिवे जोडलेले नाहीत, फक्त प्रवाह देणारा पंप जोडला आहे. वीज गेली तर उजेडावाचून प्रवाळ एक-दोन दिवस सहज काढतात. काही उपद्रवी शैवालांवर इलाज म्हणून तर हौशी लोक टाकी तीन दिवस मुद्दाम अंधारात ठेवतात. पाणी हललं नाही तर मात्र काही तासांत प्राणवायू संपतो. बॅटरीवर पहिला हक्क पंपाचा.

25 फेब्रुवारी

आज टाकीचा उजेडाचा नकाशा काढला. मीटर अजून माझ्याकडेच आहे. दर सहा इंचांवर एक बिंदू, तीन पातळ्या: खडकाचा माथा, मधला कट्टा, वाळू. पृष्ठभाग हलत असला की आकडा नाचतो, म्हणून मोजण्यापुरता पंप बंद.

निळ्या वाहिन्या 60 टक्के, पांढरी 25, लाल 5, हिरवी बंद. माथ्यावर दिव्यांच्या बरोबर खाली 165, दोन दिव्यांच्या मध्ये 125. मधल्या कट्ट्यावर 95 ते 110, कोपऱ्यांत 60. वाळूवर मध्यभागी 65, कोपऱ्यांत 35.

मला हवं होतं त्याच्या अगदी जवळ, आणि तेही दिवे पूर्ण ताकदीवर न नेता. दोन्ही मिळून साठेक वॉट खेचतात, आठ तासांना अर्धा युनिट.

एक गोष्ट डोळ्यांना कधीच कळली नसती. कोपऱ्यात मीटर काचेजवळ नेला की आकडा थोडा वाढतो. प्रकाश पाण्यातून काचेवर तिरका आपटतो आणि बराचसा आतच परावर्तित होतो. म्हणून बाजूच्या काचा स्वच्छ ठेवणं हा देखाव्याचा प्रश्न नाही, शेवाळलेली काच हा उजेड पिऊन टाकते.

राहिलेली अडचण म्हणजे पुढच्या बाजूची कपार. तिथे वरच्या खडकाची सावली पडते, मीटर 12 दाखवतो. मशरूमसाठी ती जागा हेरून ठेवली होती.

3 मार्च

कपारीसाठी निळी पट्टी घरी बनवायची ठरली. सकाळी बाबांबरोबर तपकीर गल्लीत गेले. 450 नॅनोमीटरचे बारा निळे एलईडी चकतीवर बसवलेले, अ‍ॅल्युमिनियमचं चॅनेल, उष्णता वाहून नेणारी पेस्ट आणि विलगीकरण असलेला स्थिर प्रवाहाचा ड्रायव्हर. बारा एलईडी एका ओळीत जोडले की साधारण 36 व्होल्ट. 350 मिलिअँपिअरवर 12-13 वॉट. हे एलईडी 700 सहज सोसतात, पण बाबा म्हणाले, "अर्ध्यावर चालव, दुप्पट जगतील." खाली अ‍ॅक्रिलिकची पट्टी सिलिकॉनने बंद, कारण उडणारं खारं पाणी उघड्या जोडांना महिन्याभरात खाऊन टाकतं.

निळा एलईडी इतका साधा झाला आहे की गल्लीत तो मूठभर मिळतो. त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. लाल आणि हिरवे एलईडी कितीतरी आधी आले, निळ्यासाठी मात्र अनेक वर्षं झटावं लागलं. पट्टी पहिल्यांदा पेटली तेव्हा मी बाबांना हे सांगितलं. त्यांनी पट्टीकडे थेट बघू नको म्हणून मला बाजूला केलं. तेही खरंच, गडद निळ्या एलईडीकडे उघड्या डोळ्यांनी टक लावून बघू नये.

पट्टी पुढच्या काचेच्या वर, किंचित आत झुकवून बसवली. कपारीत आता 48.

10 मार्च

प्रवाळ आले. दादांनी चार मशरूम, झोआन्थिडचे दोन छोटे खडे, तळहाताएवढं लेदर आणि झेनियाचा एक देठ दिला. झोआन्थिड आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं, निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. हाताळताना हातमोजे आणि चष्मा, कापताना तर हवाच. त्यांचा खडक कधीही उकळत्या पाण्यात टाकू नये किंवा वाफेने साफ करू नये. हा उजेडाचा विषय नाही, पण या नोंदी वाचून कुणी झोआन्थिड आणणार असेल तर त्याला हे माहीत असायलाच हवं.

उजेड आज नकाशातल्या निम्म्यावर आणला आहे. दादांच्या टाकीत हे सगळे 60-70 पारला राहत होते. शैवालाने आपलं रंगद्रव्य त्या उजेडाला बेतलेलं असतं: अंधुकात जास्त, लख्खात कमी. हा बदल व्हायला आठवडे लागतात. दर आठवड्याला पाच टक्के वाढवायचं.

वेळापत्रक: सकाळी 11 ला निळा हळूहळू चढायला लागतो, 12 ते 8 पूर्ण, रात्री 9 पर्यंत उतरतो. मी कामावरून सातला येते, म्हणून दिवस मुद्दाम उशिरा सरकवला. प्रवाळांना घड्याळ कळत नाही, रोजची नियमितता मात्र लागते.

24 मार्च

उजेड नकाशातल्या 60 टक्क्यांवर. झेनियाचे पंजे उघडमिट करताहेत.

31 मार्च

लेदर पाच दिवस मिटून होतं, अंगावर मेणचट चकाकी. दिवा कमी करायचा मोह झाला, पण त्याची वरची त्वचा सुटायला लागलेली दिसली म्हणून तसंच ठेवलं. लेदर अधूनमधून कात टाकतं, त्याचा उजेडाशी संबंध असेलच असं नाही. पंपाचा झोत थोडा त्याच्याकडे वळवला. आज पापुद्रा वाहून गेला आणि सगळे पॉलिप, म्हणजे फुलांसारखी छोटी तोंडं, बाहेर आले, आधीपेक्षा लांब.

निळ्या-पांढऱ्याच्या प्रमाणाबद्दल. बरेच जण पांढरा पूर्ण बंद ठेवतात, कारण नुसत्या निळ्यात प्रवाळांची चमक डोळे दिपवते. ही चमक त्यांच्या अंगातल्या प्रतिदीप्त, म्हणजे निळा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात उजळणाऱ्या, प्रथिनांची. माझ्या कपारीतल्या डिस्कोसोमाच्या कुळातूनच रशियन संशोधकांनी 1999 मध्ये लाल प्रतिदीप्त प्रथिन शोधलं, आणि ती प्रवाळं मॉस्कोतल्या घरगुती मत्स्यालयातली होती. आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींचे भाग रंगवून बघायला त्या प्रथिनाचे वंशज वापरले जातात. एका हौशी माणसाच्या टाकीतून एवढं निघालं, याचा मला फार आनंद वाटतो.

पण हीच चमक आजार झाकते. प्रवाळाने शैवाल गमावलं तरी प्रथिनं बराच काळ चमकत राहतात. निळ्याखाली ते झगझगीत हिरवं दिसतं आणि पांढऱ्याखाली फटक. म्हणून दर रविवारी पंधरा मिनिटं पांढरी वाहिनी वाढवून प्रत्येकाला नीट बघते आणि तेव्हाच फोटो काढते.

शिवाय समुद्र सगळीकडे निळा नसतो. स्वच्छ खोल पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो आणि निळा खाली पोचतो, ते खरं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात डोकं घातलं तर गढूळ हिरवट उजेड दिसतो. गाळ आणि विरघळलेले सेंद्रिय पदार्थ निळाही खातात. 1987 पासून अभयारण्य असलेल्या त्या पट्ट्यात प्रवाळं त्या उजेडात जगतात. तिथून शंभर किलोमीटरवर, आत समुद्रात अँग्रिया बँक या पाण्याखालच्या पठारावर मात्र पाणी नितळ. एकाच किनाऱ्यासमोर दोन वेगळे उजेड आणि दोन्हींत प्रवाळ. त्यामुळे पांढऱ्याला 25 टक्के जागा द्यायला मला काहीच अडचण वाटत नाही.

17 एप्रिल

परवा, 15 तारखेला, अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेने आणि आंतरराष्ट्रीय प्रवाळ उपक्रमाने जाहीर केलं की जगात चौथं जागतिक ब्लीचिंग, म्हणजे प्रवाळं पांढरी पडणं, सुरू आहे. आधीची 1998, 2010 आणि 2014 ते 2017. वाचून मन विषण्ण झालं. माझ्या चार मशरूमनी त्याची भरपाई होत नाही हे मला माहीत आहे, पण जे घरात आहेत त्यांच्याबाबत तरी डोळे उघडे ठेवायचे.

ब्लीचिंग म्हटलं की आपण उष्णता म्हणतो, पण त्यात उजेडाचाही हात असतो. पाणी तापलं की शैवालाची प्रकाश पचवण्याची यंत्रणा लंगडी पडते. उजेड मात्र तेवढाच येत राहतो. न पचलेल्या ऊर्जेतून प्राणवायूची दाहक रूपं तयार होतात आणि प्रवाळ शैवालाला बाहेर काढतं. म्हणून वसाहतीची उन्हाकडची बाजू आधी पांढरी पडते. 1998 मध्ये फ्रेंच पॉलिनेशियातल्या सोसायटी बेटांवर आकाश ढगाळ राहिल्यामुळे प्रवाळ वाचल्याची नोंद आहे.

याचा अर्थ माझ्या नकाशातले आकडे 25-26 अंशांचे आहेत. 29 अंशांना तेच 110 पार जास्त ठरू शकतात. आज दुपारी पाणी 28.4. दोन छोटे पंखे पृष्ठभागावर फुंकर घालताहेत, त्याने 26.9 वर आलं. बाष्पीभवन वाढलं, रोज आरओचं पाणी टाकावं लागतं.

12 मे

दुपारी पाणी 28 च्या वर गेलं की सगळ्या वाहिन्या 20 टक्क्यांनी खाली आणते, आणि दिवस सात तासांचा केला आहे. झोआन्थिडचे देठ किंचित लांबले, एवढाच परिणाम. पांढऱ्याखाली रंग पूर्ण. लक्षद्वीपच्या प्रवाळांत मोठं ब्लीचिंग झाल्याचं सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या महिन्यात सांगितलं. तिथे दिवा मंद करायला कुणाचा हात पोचत नाही.

23 जून

पाऊस लागला. खोली गार झाली पण हवा दमट, पंख्यांनी होणारं बाष्पीभवन निम्म्यावर आलं. पंखे चालू ठेवूनही पाणी 26.8 पेक्षा खाली जात नाही. चालेल. उजेड पुन्हा 60 आणि 25 वर, दिवस आठ तासांचा, तीन आठवड्यांत चढवत नेला.

14 जुलै

काकांकडून मीटर परत आणला. त्याच बिंदूंवर, त्याच टक्केवारीला माथ्यावर 165 ऐवजी 144. दिव्याच्या खालच्या काचेवर मिठाचा पातळ थर होता, लांबून दिसतही नव्हता. दिवा बंद करून, गार होऊ देऊन, पांढऱ्या व्हिनेगरने आणि मग आरओच्या पाण्याने पुसला: 162. घरच्या पट्टीच्या अ‍ॅक्रिलिकवर थर आणखी जाड होता. कपारीतले 39 पुसल्यावर पुन्हा 47. मात्र प्रवाळ मधल्या काळात कमी उजेडाला सरावले आहेत, म्हणून पुसल्यावर लगेच टक्केवारी दहाने उतरवली आणि पुन्हा आठवड्याला पाच या चालीने चढवणार. आता दर पंधरवड्याला पुसायचं, म्हणजे एवढी उडी येणारच नाही.

रोजच्या एकूण उजेडाचा हिशेबही केला. झोआन्थिडच्या कट्ट्यावर सरासरी 100 पार धरले तर आठ तासांत दर चौरस मीटरला 2.9 मोल (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल), लेदरला 140 ने 4 मोल. सुट्टीच्या दिवशी टाकी जास्त वेळ उजळ बघायची असेल तर तास वाढवून पार त्याच प्रमाणात कमी करायचं, एकूण मोल तेवढेच ठेवायचे.

लेदरचा व्यास मार्चपेक्षा बराच वाढला आहे आणि त्याची सावली आता उजव्या झोआन्थिडवर पडते. तिथे आज 58. पुढच्या रविवारी तो खडा आठ इंच डावीकडे, 95 च्या बिंदूवर हलवायचा.